हुलग्याचे दिवस

सोलापुरात थंडी पडते, हे पुण्यातल्या नातेवाइकांना पटवून देणं मी आता सोडून दिलंय. "सोलापूर? तिथं कसली आलीय थंडी!" एवढं म्हणून ते मोकळे होतात. त्यांचं सोलापूर म्हणजे फक्त एप्रिल-मे, पारा ४४ वर आणि पेपरात डोक्याला पंचा गुंडाळलेल्या रिक्षावाल्याचा फोटो. त्यांनी डिसेंबरात एकदा पहाटे पाचला साखर पेठेत आमच्या गच्चीवर यावं आणि टाकीतल्या पाण्यात हात घालावा. मग बोलू.

आमची थंडी अख्ख्या दिवसाची नसते, हे मात्र खरं. दुपारी तिला सुट्टी असते. इथली हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे पारा १० ते १२ च्या आसपास येतो. दुपारी तोच ३० वर. शाळेत येताना स्वेटरात गुरफटलेली माझ्या वर्गातली पोरं सुटताना तोच स्वेटर कमरेला बांधून पळतात. मध्येच बंगालच्या उपसागराकडून ढग आले की रात्रीची जमीन निवत नाही आणि थंडी गायब होते. अशा दिवसांत आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हवामान खात्यावर नसती नाराज होतात. "थंडी कुठं गेली म्हणायची? ज्वारी काय खाऊन वाढंल?" आत्या मंगळवेढ्याच्या. त्यांच्या माहेरच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात आणि पुढं ती त्याच ओलीवर आणि थंडीवर निघते. विहिरीचं पाणी तिला बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आत्यांची प्रतिक्रिया होती, "आता कळलं व्हय त्यास्नी?" दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केली ती ज्वारीचीच होती, हेही त्या स्वतः माप धरून उभ्या असल्यासारखं सांगतात.

पण मला आज ज्वारीबद्दल लिहायचं नाही. ज्वारीचं कौतुक सगळे करतात. मला लिहायचंय हुलग्याबद्दल.

थंडी अशी सकाळ-रात्र विभागून पडते म्हणून आमच्या घरात दुपारचं जेवण बाराही महिने तेच असतं. भाकरी, पातळ भाजी, शेंगाचटणी, दही. बदलते ती सकाळ आणि रात्र. सकाळी प्यायला गरम माडगं, रात्री रश्श्यात शिजवलेल्या शेंगोळ्या. दोन्ही हुलग्याच्या पिठाचे. कोकणात त्याला कुळीथ म्हणतात आणि त्याच्या पिठल्यावर जीव टाकतात. आमच्याकडे मात्र हुलगा म्हणजे बैलाला शिजवून घालायचा, घोड्याला चारायचा. पाहुण्यांपुढं हुलगा ठेवायची लाज वाटणारी घरं मी पाहिली आहेत. पनीर आणायला धावतील, पण घरात रटरटत असलेल्या शेंगोळ्यांवर झाकण ठेवतील. हा हलक्या रानाचा, बरड माळाचा दाणा. थोड्या पावसावर येतो, काही मागत नाही, म्हणून त्याची किंमत नाही. सांगोल्याकडच्या माळांवर आता डाळिंबाच्या बागा दिसतात. हुलगा बांधाच्या कडेला सरकला.

नोव्हेंबर-डिसेंबरात नवा हुलगा बाजारात येतो. मी लक्ष्मी मंडईजवळच्या एका ठरलेल्या दुकानातून घेते. दुकानदार आता विचारतही नाही, मला पाहिलं की गोणीचं तोंड उघडतो. घरी आणल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे निवडणं. हुलग्याचा रंग नेमका मातीच्या खड्याचा. चष्मा असला तरी डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, बोटांवर ठेवावा. आत्यांना आता कमी दिसतं, तरी गच्चीवर उन्हाला पाठ करून त्या सूप घेऊन बसतात आणि त्यांच्या हातून खडा सुटत नाही. मी निवडलेलं त्या पुन्हा एकदा निवडतात. बोलत काही नाहीत. फक्त सापडलेले खडे माझ्या समोर ओळीनं मांडतात.

निवडलेला हुलगा कोरडाच भाजायचा. जाड बुडाची कढई, मंद आच, सतत हात. आधी कच्चट वास येतो, मग मातीवर पहिली सर पडावी तसा वास सुटतो आणि दाणे तडतडायला लागतात. तिथं थांबायचं. त्यापुढं गेलं की पीठ कडू. शेंगोळ्यांच्या पिठाला मी हलकं भाजते, माडग्याच्या पिठाला जरा जास्त. दोन वेगळे डबे, झाकणावर खडूनं खूण. दळायला दिलं की गिरणीवाला कुरकुरतो, कारण हुलग्यानंतर कोणाचा गहू टाकला तर त्याला वास लागतो. म्हणून मी ज्वारीवाल्या कुणाच्या तरी आधी नंबर लावते. ज्वारीला थोडा हुलगा लागला तर बिघडत नाही. खरं सांगायचं तर सुधारतेच.

आता शेंगोळ्या. पीठ हुलग्याचं, त्यात मूठभर ज्वारीचं आणि थोडं गव्हाचं, चिकटपणासाठी. नुसत्या हुलग्याच्या शेंगोळ्या रश्श्यात फुटतात. लसूण, जिरं, हिरवी मिरची, मीठ खलबत्त्यात ठेचून घ्यायचं. मिक्सरमध्ये नाही. मिक्सरमध्ये लसणाचा लगदा होतो आणि लगद्याला चव नसते, यावर मी वाद घालायला तयार आहे. हळद, कोथिंबीर, थोडं तेल घालून घट्ट मळायचं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. मनगट दुखलं पाहिजे. मग हाताला तेल लावून छोटी गोळी घ्यायची आणि उपड्या ताटावर वळायची, करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकं निमुळती. कोणी तिचं कडं करतं, कोणी शेंगेसारखी वाकवून ठेवतं. आमच्याकडे शेंग. आत्यांच्या शेंगा सगळ्या एका मापाच्या, माझ्या कमीजास्त, मुलाच्या गांडुळासारख्या. तो अकरावीत आहे आणि त्याला वळायला बसवलं की मोबाईल आपोआप बाजूला राहतो, कारण हात तेलकट असतात. हा हुलग्याचा एक फायदा कोणत्याही आहारतज्ज्ञाने अजून सांगितलेला नाही.

फोडणी करडईच्या तेलात. करडईही आमच्याच रब्बीची, आणि घाण्यावरचं तेल मिळतं अजून. मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, तो तांबूस झाला की काळं तिखट, आणि लगेच पाणी, नाहीतर तिखट जळून घरभर ठसका. पाणी अंदाजापेक्षा जास्तच घ्यावं. हुलगा पाणी ओढतो. खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळी सोडायची, गर्दी करायची नाही आणि पहिली पाच-दहा मिनिटं डाव घालायचा नाही. मग मळलेल्या पिठातला बाजूला ठेवलेला छोटा गोळा पाण्यात कालवून ओतायचा. त्यानं रस्सा दाट होतो. अर्धवट झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं तरी. शेंगोळी मधोमध तोडून बघावी, आत पांढरी रेघ दिसली तर अजून कच्ची आहे.

ताटात वाढल्यावर वरून कच्चं करडईचं तेल, शेजारी कांदा फोडून, आणि बाजरीची नाहीतर ज्वारीची गरम भाकरी. भाकरी चुरून खाणारे आणि तोडून खाणारे असे दोन पंथ आमच्या घरात आहेत. मी चुरणारी. नवरा तोडून खातो आणि माझ्या ताटाकडे बघून दरवेळी तोंड वाकडं करतो. खाता खाता कानशिलं तापतात, नाकातून पाणी येतं. अंगावरची शाल बाजूला पडते. रात्री मग सोलापुरी चादर एकच पुरते. इथं जन्मलेल्या माणसाला चादरीचं कौतुक सांगू नये, पण एक तक्रार करते: लग्नात आहेर म्हणून आलेल्या चादरींनी आमचं एक कपाट भरलंय आणि वापरात आहे ती मामांची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी, कडा विरलेली. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली, चादर अजून चालू आहे.

मामा पहिल्या पाळीला जायचे तेव्हापासून सकाळचं माडगं या घरात आहे. भोंगा व्हायच्या आधी पोटात काहीतरी गरम हवं आणि दुधाची चैन नव्हती, एवढंच त्याचं मूळ. जास्त भाजलेलं पीठ आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं, उकळत्या पाण्यात ओतायचं, गूळ, सुंठ आणि चिमूटभर मीठ. पळी सोडायची नाही, कारण उतू गेलं की शेगडी घासताना हुलगा कसा चिकटतो ते कळतं. वाटीत घेऊन फुंकर मारत प्यायचं. माझी शाळा सकाळची, त्यामुळे मला ते उभ्या उभ्याच प्यावं लागतं. मुलाला आवडत नाही. तो नाक धरून पितो, पण सर्दी झाली की स्वतःच विचारतो, "माडगं आहे का?" मुतखड्यावर हुलग्याचं पाणी उत्तम, असं आमच्या गल्लीत प्रत्येकजण सांगतो. ते डॉक्टर बघून घेतील. मी चवीचं सांगते.

शेजारच्या अक्का तेलुगू. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मागाचं. हुलग्याला त्या उलवलु म्हणतात आणि पीठ करत नाहीत, अख्खे शिजवतात. ते शिजलेलं पाणी आटवून चिंच घालून जे चारू, म्हणजे सार, करतात, ते काळपट दिसतं आणि पहिल्या घासाला विचित्र लागतं. दुसऱ्या घासाला मी भात मागितला होता. गाळलेले हुलगे त्या फोडणी देऊन पोरांना खायला देतात. त्यांचं चारू आमच्याकडे येतं, आमच्या शेंगोळ्या त्यांच्याकडे जातात. डबा रिकामा परत करायचा नाही हा नियम दोन्ही घरांत पाळला जातो, त्यामुळे ही देवाणघेवाण थांबवायची कुणी आणि कधी, हा प्रश्न संक्रांत झाल्याशिवाय सुटत नाही.

येळ अमावस्येला आम्ही आत्यांच्या भावाच्या रानात जातो. तिथली भज्जी, आंबील आणि उंडे हा वेगळाच विषय आहे, तो एका परिच्छेदात बसणार नाही. हुरड्याचंही तेच. एवढंच सांगते की हुरड्याबरोबर शेंगाचटणी हवी, आणि ती उखळात कुटून तेल सुटलेली हवी. हल्ली हुरडा पार्टीच्या नावाखाली पाव-भाजी ठेवतात. असो.

भोगीला मात्र हुलगा मागे राहतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, बोरं घातलेली भाजी. गावात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची गडबड असते. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर दिसतात, आणि संध्याकाळी होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पोरं पाळण्यात बसायला हट्ट धरतात. गड्ड्यातून थंडीत कुडकुडत, धूळ खाऊन, नको ते तळलेलं खाऊन घरी आलं की रात्री कुणालाच जेवायचं नसतं. तेव्हा आत्या खाटेवरूनच विचारतात, "काय करलालीस गं?" मी म्हणते, "काही नाही, माडगं ठेवलंय." त्या म्हणतात, "मलाबी अर्धी वाटी दे." त्या गड्ड्याला गेलेल्याच नसतात.

संक्रांतीला वन्सं बार्शीहून येतात. स्वयंपाकात त्यांचा हात चांगला आहे, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते. पण त्या शेंगोळ्यांच्या रश्श्यात दाण्याचं कूट घालतात. मला मान्य नाही. सोलापुरात कूट कशात पडत नाही? वांग्यात, मेथीत, आमटीत, कोशिंबिरीत, उपवासाच्या सगळ्यात. एक पदार्थ तरी त्याच्या तावडीतून सुटू दे की! कुटानं रस्सा गोडसर होतो आणि हुलग्याचा तो करपट, मातकट वास दबतो. मग हुलगा कशाला, बेसन घ्या. आत्या या भांडणात लेकीची बाजू घेतात, पण वाढून घेताना माझ्या पातेल्यातलं घेतात. यंदा वन्संचा फोन आलाय की त्या शेंगोळ्या स्वतः करणार. मी कुटाचा डबा वरच्या फळीवर, पुरणयंत्राच्या मागं ठेवलाय. वन्सं उंचीला माझ्याहून कमी आहेत.