फुफाट्यात रुततं का ढेकळावर टिकतं?

पुनवेचा चंद्र आपल्याकडं बीड-लातूरला उगवताना त्याच्या खालच्या अंगाला मोठा काळसर पट्टा दिसतो. तो वादळांचा महासागर. ३ फेब्रुवारी १९६६ ला रशियाचं ल्युना-९ हे यान तिथंच अलगद उतरलं.

चंद्रावर हवा नाही, त्यामुळं पॅराशूट बिनकामाचं. सेकंदाला २.६ किलोमीटरचा वेग सगळा इंजिनानंच मारायचा. साधारण ७५ किलोमीटरवर रडारनं इशारा दिला की मुख्य इंजिन पेटायचं. जमिनीजवळ ते बंद. मग पुढं लटकणारा स्पर्शदांडा जमिनीला टेकला, की हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेला, कॅमेरा असलेला शंभरेक किलोचा गोळा बाजूला फेकला जायचा. गोळा गडगडत थांबला, की चार पाकळ्या उघडून तो सरळ बसायचा.

आधीचं ल्युना-८ या पिशव्यांपायीच गेलं. फुगताना एक पिशवी फाटली, निसटत्या वायूनं यान भिंगरीसारखं फिरलं, इंजिन वेळेवर पेटलं नाही.

काही शास्त्रज्ञांना भीती होती, की चंद्रावर उन्हाळ्यातल्या गाडीवाटेसारखा फुफाटा असेल, यान गडपच होईल. तसं झालं नाही. ल्युना-९ च्या फोटोत दगड दिसले, लांब सावल्या दिसल्या. गंमत म्हणजे फोटोचे संकेत वर्तमानपत्रांच्या फॅक्सच्या पद्धतीचे होते, म्हणून इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेनं ते मधेच पकडून छापायला दिले!

चार महिन्यांनी अमेरिकेचं सर्व्हेयर-१ हे यान मात्र तीन पायांवर उतरलं. त्याची इंजिनं तीन-साडेतीन मीटरवरच बंद व्हायची. सर्व्हेयर-३ ची झाली नाहीत, तर ते दोनदा उसळलं.