रकाना नंबर सात

मार्च आला की आमच्या संस्थेत एकच गडबड, वार्षिक अहवाल. किती मुली शाळेत परत आल्या, किशोरी गटाच्या मीटिंगा किती झाल्या, आणि रकाना नंबर सात, ‘रोखलेले बालविवाह’. माझ्या गावांपुढे तिथे 1 होता. ती पोरगी खरंच कॉलेजात जाते का बघून ये म्हणून सरांनी मला घाटंजीकडच्या त्या गावाला पाठवलं.

केस माझ्या डोक्यात पक्की होती. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लगनसराई, अन् अकरावीतल्या सोळा वर्षाच्या पोरीची हळद दोन दिवसांवर आली होती. तिच्या मैत्रिणीनं 1098 वर, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. 2006 चा कायदा आहे, ग्रामसेवकच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे अर्ध्या गावाला त्याच दिवशी कळलं. वयाचा पुरावा म्हणून शाळेतून दाखल-खारीजचा उतारा आणला, बाप आधी लय भडकला, मग अठरा होईपर्यंत लगन करणार नाही असं लिहून दिलं. सही करता करता म्हणाला, "लगन तं थांबवलं मॅडम, पण फाट्यावरून पोरगी अंधारात येते, तिले काही झालं तं तुम्ही येसान का?" मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

फाट्यापर्यंत सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस येते, मुलींना बारावीपर्यंत फुकट. पण फाटा ते गाव अडीच किलोमीटर, मधात नाला, दोन्हीकडे खांद्याला लागेल एवढी कापसाची पळाटी अन् त्यात रानडुकरं. म्हणजे बापाची भीती खोटी नव्हती, आम्ही लगन थांबवलं, तो रस्ता होता तसाच होता.

तर त्या दिवशी गेले, घराला कुलूप. शेजारीण म्हणे फाट्यावर पाहा. मला वाटलं झालं, पोरगी कामाला लागली. फाट्यावर निंबाखाली तिची माय बसलेली, हातात काठी अन् टॉर्च. "आज माही पाळी हाय," म्हणे. तिघीजणी पाळी लावून चार पोरींना न्यायला येतात, दिवाळीनंतरपासून, एक दिवस खंड नाही. कापूस वेचायची मजुरी किलोवर, पाळीच्या दिवशी वेचणी लवकर सोडून यायचं म्हणजे तेवढे किलो गेले. मी विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला? तर माझ्याकडेच बघत राहिली. "कोन सांगते बाई, मीच गेली दोघींच्या घरी."

मग बस आली, चार पोरी उतरल्या, आमची पोरगी दुसरी. मला ओळखलं अन् मान खाली घालून मायच्या मागं गेली, राग असेल, असूही दे.

ऑफिसात सरांना सांगितलं तर म्हणाले, मस्त, ‘इतर उपक्रम’मध्ये टाक. आता उपक्रम आमचा होता कुठे? सातव्या रकान्यातला 1 तसाच ठेवला, अन् ‘इतर’ची ओळ कोरी सोडून फाईल पाठवून दिली.