अंग भरले, पण हात खाली आले

कोल्हापुरात व्यायाम करणाऱ्या मुलाची छाती आणि दंड लोक आधी पाहतात, कारण इथे ताकदीची ओळख तालमीतून झालेली आहे. बॉक्सिंग सुरू केल्यावर मीही तेच माप मनाशी धरून आठ ते बारा रेप्सचे (म्हणजे एका दमात तितक्या वेळा वजन उचलण्याचे) सेट मारत राहिलो आणि आठ महिन्यांत माझे वजन ६३ वरून ६९ किलोवर गेले. घरच्यांना कौतुक वाटले. मात्र बॉक्सिंगमधला ६३.५ किलोचा वजनगट सुटल्यामुळे मला थेट ७१ किलोच्या गटात, उंच आणि लांब हाताच्या मुलांसमोर उभे राहावे लागले. पहिल्याच लढतीत दुसऱ्या राउंडच्या मध्यावर खांदे इतके भरून आले की समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, स्पष्ट दिसत असूनही डावा हात गालापाशी ठरेना.

चूक वजने उचलण्यात नव्हती, ती कशासाठी उचलायची हे न ठरवण्यात होती. ठोशाचा जोर मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, टाच वळते, कंबर फिरते, मग खांदा सुटतो आणि शेवटी मूठ पोहोचते. छातीचे काम त्यात बरेच उशिरा येते. म्हणून आता मी आठवड्यातून दोनच दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि पुलअप्स करतो, तेही तीन ते पाच रेप्सचे जड सेट, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती घेऊन. अशा सरावात मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंतील अधिक तंतू कामाला लावायला शिकते, त्यामुळे अंग फारसे न वाढता ताकद वाढते. त्यानंतर मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, कंबरेतून पूर्ण वेगाने भिंतीवर फेकतो, कारण संथपणे कमावलेली ताकद वेगात उतरवावी लागते. स्पारिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या, आदल्या दिवशी जड वजनाला हात लावत नाही.

हातात डंबेल्स घेऊन हवेत ठोसे मारण्याचा प्रकार मी पूर्णपणे सोडला आहे. ठोसा पुढे जातो आणि डंबेलचे वजन खाली ओढते, त्यामुळे ठोशाला विरोध मिळतच नाही. खांद्याचा पुढचा भाग तेवढा थकतो आणि हाताचे वळण बिघडते.

खाण्याचाही हिशेब करावा लागला. शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिने धरली, तर ६३ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १०० ते १२५ ग्रॅम पुरतात. कोल्हापूरच्या गंगावेशीतले धारोष्ण दूध मला आजही प्रिय आहे, पण म्हशीच्या अर्धा लिटर दुधातून जेमतेम वीस ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यासोबत तीस ग्रॅमच्या वर स्निग्धांश पोटात जातो, हे वजनगट सांभाळणाऱ्याने लक्षात ठेवलेच पाहिजे. मी एक पेला ठेवला आणि अंडी वाढवली.

तालमीकडून मात्र एक गोष्ट मी मनापासून घेतली, ती म्हणजे मुद्गल, हाताने फिरवायचा जड लाकडी सोटा. हलका मुद्गल डोक्यामागून सावकाश फिरवताना खांद्याच्या पाठीमागचे लहान स्नायू, जे बेंचप्रेसमध्ये जवळपास झोपूनच असतात, एकेक करून जागे झाल्यासारखे वाटतात. ठोसा मारल्यावर हात आवरून घेण्याचे काम त्याच स्नायूंचे असते. सध्या चार किलोचा मुद्गल फिरवतो आहे आणि डाव्या बाजूला तो अजून कोपरापाशी डगमगतो.