पिझ्झा पॉकेट, सातवा घाणा: मुरडीने तोंड धरलं

आठपैकी सात! हे आधी सांगून टाकतो, कारण गेले दोन महिने हा आकडा तीनच्या वर सरकलाच नव्हता. रविवारी आठ पॉकेटं, म्हणजे पिझ्झाच्या पिठात भाजी-चीजचं सारण भरून मिटलेले अर्धगोल, ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) गेली आणि सात तशीच, तोंड मिटलेली, टम्म फुगून बाहेर आली. ट्रेवर चीजचं थारोळं नाही, करपलेल्या सॉसचा वास नाही. पहिलं मोडलं तेव्हा चीज जिथे असायला हवं तिथेच होतं, आणि दोन्ही तुकड्यांच्या मध्ये त्याची तार हातभर ताणली गेली. घरातले सगळे ओट्याभोवती जमले होते.

सहाव्या घाण्यानंतर मी सगळा दोष सारणाला दिला होता. तो निम्माच खरा निघाला. सारण ओलं होतं हे नक्की. या वेळी कांदा, सिमला मिरची आणि मक्याचे दाणे मिळून ५२० ग्रॅम घेतले. मीठ सुरुवातीलाच घातलं, म्हणजे भाज्यांना सुटायचं ते पाणी कढईतच सुटेल. मोठ्या आचेवर परतून चाळणीत तासभर निथळत ठेवलं आणि गार झाल्यावर तोललं, तर ३९० ग्रॅम भरलं. १३० ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे दर पॉकेटमागे १६ ग्रॅम. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १.७ लिटर जागा मागते. त्यातलं थोडं पाणी जरी आत राहिलं तरी कड किती ताण सोसणार?

पण सहाव्या घाण्यालाही मी सारण बऱ्यापैकी कोरडं केलं होतं, तरी पाच उसवली. आणि उसवायची जागा दर वेळी एकच, अर्धगोलाचं उजवं टोक. या एका टोकाने मला छळलं. कडेला पाणी लावून पाहिलं, दूध लावून पाहिलं, मैद्याची खळ लावली, काट्याने दोनदा दाबलं. पाचव्या घाण्याला करंजीचा प्लास्टिकचा साचा वापरला होता, तो आता माळ्यावर गेलाय. करंजीच्या घट्ट पिठाला तो ठीक आहे. यीस्टचं पीठ साच्यातून काढलं की मागे ओढलं जातं आणि साच्याच्या दातांनी कड जिथे पातळ झालेली असते तिथेच फाटते. काट्याचंही तेच. या पिठासाठी दोन्ही विकत घेऊ नका, वापरू नका.

नारळी पौर्णिमेला आत्या बाबांना राखी बांधायला आली होती. तिने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या आणि तिचा घाणा उतरल्यावर मी माझं पीठ काढलं. ती शेजारी स्टुलावर बसून बघत होती. तिसरं पॉकेट मिटताना म्हणाली, "अरे, तू डावीकडून उजवीकडे दाबत जातोस. सगळी हवा आणि सारणाचं तेल त्या टोकाला ढकलतोयस. तेलावर पीठ चिकटेल कसं?"

मी हात थांबवला आणि कड उजेडात धरली. उजव्या टोकाशी बोटभर जागा चकाकत होती. ओट्याला तेलाचा हात लावून लाटत होतो, त्यात सॉसमधलं तेल सरकून तिथे जमा झालेलं. दोन महिने मी त्या टोकाला जास्त जोराने दाबत होतो.

मग आत्याने स्वतः एक करून दाखवलं. आधी मधोमध चिकटवायचं, मग तिथून दोन्ही टोकांकडे जायचं, आणि शेवटचं बोट टेकवण्याआधी तळहाताने हलकेच दाबून हवा बाहेर काढायची. त्यानंतर मुरड. कडेचा टोकाकडचा भाग अंगठ्याने आत दुमडायचा, चिमटीत दाबायचा, त्यावर पुढचा दुमडायचा. तिचा अंगठा न बघता चालत होता. काट्याने दाबलेल्या कडेत फक्त दोन थर एकमेकांना टेकलेले असतात, मुरडीत ते एकमेकांत अडकतात. वाफेला बाहेर पडायचं तर प्रत्येक दुमड उलगडावी लागते.

पहिल्या दोन मुरडींत नवीन अडचण निघाली. कड इतकी जाड झाली की आत कच्ची राहिली. मी गोल सगळीकडे सारखा लाटतो, पिझ्झा बेसच्या सवयीने उलट कडा जाडच ठेवतो. इथे हवी मोदकाची पारी: मध्य जाड, कडा पातळ. ते केल्यावर मुरड नीट भाजली गेली आणि तळही सारणाने भिजला नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि मी तिला पिझ्झाच्या पिठाशी जोडलंच नव्हतं.

पिठाचं प्रमाण बदललंय, टिपून ठेवा: मैदा ४०० ग्रॅम, पाणी २३२, मीठ ८, इन्स्टंट यीस्ट ३, तेल १५. म्हणजे हायड्रेशन (मैद्याच्या वजनाच्या तुलनेत पाणी) ५८ टक्के. आधीच्या ६५ टक्क्यांवर मुरड पडत नाही, बोटाला लोंबते. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत तर ५८ पुरे. रात्रभर फ्रीजमध्ये, मग ८० ग्रॅमचे आठ गोळे, आणि लाटण्याआधी तासभर झाकून. लाटताना आकसायला लागलं तर जोर लावू नका, दहा मिनिटं सोडा. तेलाऐवजी आता कोरड्या मैद्यावर लाटतो. यीस्ट मात्र बघून घ्या. जवळच्या दुकानातून सुटं घेतलेलं पाकीट मेलेलं निघालं, एक अख्खं पीठ वाया गेलं. आता सीलबंद आणतो आणि बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतो.

ओटीजीबद्दल पुन्हा तेच सांगेन, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझा डायल २३० दाखवतो तेव्हा आत २०५ असतं. दोन्ही रॉड चालू, पंचवीस मिनिटं तापवणं, आणि खालच्या जाळीवर बिडाचा तवा उलटा. पॉकेटं बटर पेपरसकट थेट त्यावर सरकवतो. सतरा मिनिटांत तळ खुटखुटीत, टिचकी मारली की वाजतो. वर सुरीने एकच लहान चीर.

आठवं का फुटलं, तेही बघितलं. चीजच्या तुकड्याचा कोपरा पारीला टोचला होता. म्हणून पुढच्या वेळी किसलेलं चीज सारणात कालवून गोळा करणार होतो. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. चीज किसून, मुठीत दाबून, लिंबाएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये घट्ट करायचे आणि सारणाच्या मधोमध ठेवायचे. कोपरा नाही, शिवाय बाहेरचं पीठ भाजून घट्ट होईपर्यंत चीज आत गारच राहील. गव्हाच्या पिठाचा प्रयोग ठरला होता, तो त्यामुळे पुढे ढकलतोय.

अजून एक. जाताना आत्या म्हणाली, "हे तळलंस तर?" इटलीत दक्षिणेकडे, पुग्लियात, पांझेरोत्ती असेच तळतात, आत टोमॅटो आणि मोझरेला. नेपल्सचा काल्झोने, म्हणजे दुमडून भाजलेला पिझ्झा, डोक्यात धरून बसल्यामुळे मी तळण्याचा विचारच केला नव्हता. तळणीत तर मुरडीची खरी परीक्षा. एक फट राहिली की चीज तेलात आणि तेल अंगावर.

शनिवारी आठवा घाणा. चार तव्यावर, चार तेलात, सगळ्यांत गोठवलेले गोळे. तळायच्या चौघांना वरची चीर देणार नाही. चीजचे गोळे आत्ताच वळून फ्रीझरमध्ये ठेवलेत.