चौघांचं काम, एकाचा पाय

बँडमधली भांडणं बहुधा पैशावरून होतात, नाहीतर वेळेवरून. कोथरूडचा ड्रमर खराडीच्या जॅमपॅडवर, म्हणजे सरावाच्या खोलीवर, पाऊण तास उशिरा उगवतो आणि पॅडचं भाडं तासावर चालूच असतं. शेवटी गिटारिस्ट म्हणतो, एकटाच बरा. मानधनाचे वाटे नकोत, कुणाची वाट बघणं नको. गिटार पाठीला, आवाज बदलणारी पेडलं पायाशी, ॲक्टिव्हा चालू.

मग पहिल्याच सोलो कार्यक्रमात कळतं, बेसिस्ट नक्की काय करत होता ते.

गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेसची ४१ला. बेस गेला की खालचं अख्खं सप्तक रिकामं. मग ॲम्पवरचं बेसचं बटण पिळलं जातं. पण तारेत जे नाहीच ते बटण कुठून आणणार? आवाज भरत नाही, नुसता गढूळ होतो. त्यापेक्षा सूर एक सप्तक खाली उतरवणारं ऑक्टेव्ह पेडल बरं, तेही एकेक सूर वाजवताना. जुन्या ॲनालॉग पेडलला अख्खा कॉर्ड दिला की ते घसा बसल्यासारखं घरघरतं.

खरी गंमत लूपरची, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पेडलची. टेम्पो १०० धरला तर चार मात्रांचा बार २.४ सेकंदांचा, आठ बारांचा लूप १९.२ सेकंदांचा. रेकॉर्डिंग सुरू करताना पाय समेवर पडायला हवा, बंद करतानाही पुढच्या समेवरच. तबला शिकलेल्याला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांचा पाय शेवटचा कॉर्ड वाजला की लगेच पडतो. लूप आखूड होतो आणि दर फेरीला त्याच जागी ठेच लागते. जाड तळाचे रॉकछाप बूट फोटोत झकास दिसतात, पण स्विच दबल्याचं पायाला कळू देत नाहीत.

डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, लूपरच्या आधी लावायचं. नंतर लावलं तर खालचा ताल आणि वरची धून एकत्रच भरडले जातात. डिजिटल लूपरला वीजही जास्त लागते. एकाच ॲडॉप्टरवर सगळी पेडलं माळेसारखी ओवली की मागे किणकिण सुरू. त्याला वेगळी, आयसोलेटेड लाइन हवी. छोट्या कॅफेत ॲम्पपुढे माइक लावायला कुणी नसतं, गिटार थेट मिक्सरला जाते. मध्ये कॅब सिम्युलेशन, म्हणजे ॲम्पच्या स्पीकरची नक्कल, नसेल तर तेच डिस्टॉर्शन डासासारखं गुणगुणतं.

शिवाय ड्रमर धृपदाला लय किंचित पुढे रेटतो. लूप रेटत नाही. सोलोवाले सपाट वाटतात ते बऱ्याचदा यामुळे, गळ्यामुळे नव्हे.

केबलचा जॅक सोल्डरपाशी तुटतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सुटा जॅक घेऊन घरी डाग दिला की काम भागतं, मात्र स्टेजवर नाही. बँडमध्ये उरलेले वाजवत राहतात. सोलोत फक्त शांतता. तार तुटली तर आणखी पंचाईत. बदलायला अडीच-तीन मिनिटं, म्हणजे तोच लूप आठ-नऊ वेळा; तिसऱ्या फेरीला पुढच्या टेबलावरचे मोबाइल बाहेर येतात. त्यापेक्षा सुरात लावलेली दुसरी गिटार स्टँडवर ठेवावी. नवी तार घाईत चढवलीच, तर हाताने चार-पाचदा ओढून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या कडव्यात उतरते. आणि उघड्यावर वाजवत असाल तर हा सगळा खटाटोप दहाच्या आत. त्यानंतर स्पीकर बंद.