नोकरीच नाही, तिथे हक्क कशाला?

पालकसभेत, लग्नकार्यात, कधी लोकलमध्ये भेटलेल्या ओळखीच्या माणसांकडून मला हमखास एक प्रश्न येतो : मुलांना मुळात नोकरीच मिळत नाही, तर त्यांना किमान वेतन, संप, जातिभेद हे सारे शिकवून काय साधते? परळच्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. विचारणाऱ्यांच्या स्वरात बहुधा काळजी असते, क्वचित संशयही असतो. म्हणून इथे जरा सविस्तर उत्तर देते.

मुले आधी शिकतात आणि मग कामाला लागतात, असे या प्रश्नात गृहीत धरलेले आहे. सकाळी सातच्या माझ्या वर्गाला ते लागू पडत नाही. त्यातली बरीच मुले बाराच्या आत निघतात, कारण कुणाला मॉलमधल्या दुकानात रात्रीपर्यंत उभे राहायचे असते, कुणाला दुचाकीवरून पार्सले पोचवायची असतात, तर कुणी एखाद्या सीएच्या कार्यालयात नोंदी करत असते.

म्हणून सत्राची सुरुवात मी पगारपत्रकापासून करते. नाव झाकून एक पगारपत्रक फळ्यावर उतरवते. मूळ वेतन तोकडे आणि त्याखाली भत्त्यांची रांग, असे त्याचे रूप असते. नव्या कामगार संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू होण्याआधी भविष्य निर्वाह निधीची वर्गणी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर मोजली जात असल्याने मूळ वेतन जितके कमी दाखवावे तितका मालकाचा वाटा घटत असे, आणि कामगाराच्या हातात मात्र त्या वेळी चार पैसे जास्त पडत. मुलांना ही व्यवस्था आपल्या सोयीचीच वाटते, आणि विशीतल्या माणसाला तसे वाटणे अगदीच चूक नाही. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, हीदेखील याच तोकड्या आकड्यावर मोजली जात असे, हे आम्ही मांडून पाहतो. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरावी, असे 2019 च्या वेतन संहितेने का ठरवले, हे अशा एका कागदावरून अर्ध्या तासात उमगते. नुसते कलम वाचून सत्रभर उमगत नाही. एकदा हा हिशेब चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पत्रक वगैरे नसतं. शेठ गूगल पे करतो." त्या दिवशी उरलेला तास नेमणुकीचा पुरावा कसा जपावा यातच गेला : हजेरीचे फोटो, कामाची वेळ सांगणारे संदेश, बँकेचे विवरण.

सामाजिक न्याय मात्र पगारपत्रकात दिसत नाही. त्यासाठी मला गिरण्यांकडे वळावे लागते. विणकाम खात्यात धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा वाहून नेणाऱ्या साधनातली, कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्य कामगाराने ओठ लावलेला धोटा आपल्या ओठांना लागेल, म्हणून सवर्ण कामगार त्याला या खात्यात येऊ देत नसत, आणि मजुरी तर याच खात्यात चांगली मिळे. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 रोजी, संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, तेही याच्या जोडीने शिकवावे लागते. नाहीतर संपाचे नेते आणि आंबेडकर यांत कोण बरोबर, याचा मुले घाईने एकतर्फी निकाल लावून मोकळी होतात. धोट्याची गोष्ट ऐकून वर्ग आधी हसतो. मग कुणीतरी आपल्या आत्याकडे कामवाल्या बाईंचा कप वेगळा असतो हे सांगते, आणि वाद पेटतो. तो मी थांबवत नाही.

संशय घेणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा, की मी युनियनबाजी शिकवते का. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा गिरणी संप शिकवताना मी मुलांना घरी विचारून यायला सांगते. लालबागच्या एका मुलीच्या आजीचे म्हणणे असे होते, की डॉक्टरांचे, म्हणजे संपाचे नेते दत्ता सामंत यांचे, चुकले नाही, पण घर तिच्या खाणावळीवर चालले आणि आजोबा पुन्हा कामावर गेले नाहीत. हे एकच उत्तर दोन्ही पक्षांच्या कामी येते. माझे मत विचारले तर मी लपवत नाही : 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेलाच वाटाघाटींचा अधिकार दिला होता, आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता तरी तो अधिकार तिच्याकडेच राहिला, यात त्या संपाचे मोठे कारण होते. उलट मत नीट मांडणाऱ्याला गुण पूर्ण मिळतात.

या विषयामुळे नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हे मला मान्य आहे. पण नोकरी दुर्मिळ असते तेव्हाच माणूस कोणत्याही अटीवर सही करतो, आणि माझी मुले त्या सहीच्या वयात आहेत. प्रश्न कुठे विचारावा आणि कुठे गप्प बसून पुरावा जमवावा, हे तीच ठरवतात. दुसरा मार्ग पत्करणाऱ्याला मी भित्रा म्हणत नाही.

कधीकधी प्रश्न आमच्याकडेच वळतो. मागे एकाने विचारले, की सगळ्या प्राध्यापकांना तरी पगारपत्रक मिळते का. तासिका तत्त्वावर नेमलेल्या माझ्या सहकाऱ्यांना घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही, हे मी सांगितले. पुढच्या तासाला फळ्यावर त्यांच्या वर्षाच्या कमाईचा हिशेब मांडायचा, असे वर्गाने ठरवले आणि मी तो मांडू दिला.