उघडल्याशिवाय नाही

रविवारी सकाळी वेताळ टेकडी उतरून पोरं थेट माझ्या दुकानात येतात. कुणाची चेन तुटलेली, कुणाची डिस्क वाकलेली. त्या रविवारी आलेला मुलगा बारावीतला, अंगाने काटकुळा. सायकलचं काही बिघडलं नव्हतं. "काका, उतारावर हातांना मुंग्या येतात. शेवटी शेवटी ब्रेकच दाबवत नाही," म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. हवेवर चालणारा जुना फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणारा भाग, १२० मि.मी.चा (तेवढा दबणारा), किंमत १३,००० रुपये. "विकणारे दुपारी इथेच दाखवायला आणणार आहेत. घेऊ का?"

फोटो बघून मी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आधी सायकलवर आहे तो फोर्क काय करतोय ते बघायचं. फोर्क किती दबतो ते कळावं म्हणून त्याच्या नळीवर एक केबल टाय बांधला, मुलाला नेहमीसारखं बसवलं आणि अलगद उतरवलं. १०० मि.मी.चा फोर्क माणूस नुसता बसला तरी वीसेक मि.मी. दबायला हवा. टाय सरकला होता ८. फुटपाथवरून दोनदा उडी मारायला लावली, तरी चाळीसच्या पुढे जाईना. मुलाचं वजन ५२ किलो, आणि आतली स्प्रिंग पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या हिशोबाची. टेकडीवरचा एकेक दगड थेट त्याच्या मनगटात जात होता. हौसेपोटी महागडा भाग मागणारी मुलंही येतात, पण याचं दुखणं खरं होतं. हवेच्या फोर्कमध्ये पंपाने दाब कमी-जास्त करून तो आपल्या वजनाला जुळवता येतो. त्यामुळे मी मनातून होकाराच्याच बाजूने होतो.

साडेबाराला विकणारे गृहस्थ आले. फोर्क स्वच्छ पुसून, चादरीत गुंडाळून आणला होता. काळ्या नळ्या नुसत्या चमकत होत्या. मुलाचे डोळे तिथेच खिळले. मी पहिली पट्टी लावली ती वरच्या नळीला, जी फ्रेममधून जाऊन हँडलला भिडते. तिला आम्ही स्टिअरर म्हणतो. जुना फोर्क घेताना गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच, कारण आधीच्या मालकाने ती आपल्या फ्रेमच्या मापाने कापलेली असते. कापलेली नळी वाढवता येत नाही. कुणी जोडून देतो म्हणाला तर त्याच्या दारातही उभं राहू नये. या मुलाच्या फ्रेमची पुढची नळी १२०, वरच्या-खालच्या बेरिंगच्या वाट्यांचे २६ आणि हँडल धरणाऱ्या स्टेमचे ४०, म्हणजे किमान १८६ मि.मी. पाहिजे. निघाली १९२. जाडीही वरपासून खालपर्यंत एकसारखी, २८.६. खाली रुंद होत जाणारी असती तर ती या फ्रेममध्ये शिरलीच नसती. मुलगा हसला.

मग चाक. या फोर्कचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, १५ मि.मी.चा आणि मुलाच्या चाकाच्या हबचा, म्हणजे मधल्या तुंब्याचा, ९ चा. म्हणजे पुढचं हब बदलायचं, चाक नव्याने विणायचं. साडेतीन हजार. सील आणि तेल दीड हजार. मी कागदावर बेरीज मांडली, १८,००० रुपये. एवढ्यात त्याने अख्खी सायकल घेतली होती, तीही सेकंडहँडच. शिवाय २० मि.मी. लांब फोर्क लावला की सायकलचं नाक वर येतं, हँडलचा कोन साधारण एका अंशाने मागे झुकतो. उताराला ते बरं वाटतं, पण फ्रेम १०० साठी बनवलेली आहे आणि वाढलेल्या लांबीचा जोर तिच्या पुढच्या सांध्यावर येतो. हे सगळं सांगूनही तो म्हणाला, "चालेल काका. दिवाळीपासून साठवलेत."

मी विकणाऱ्या गृहस्थांना म्हटलं, "सर, एकदा उघडून बघू द्या. बघून जसाच्या तसा बंद करून देतो, पैसे नकोत." ते जरा नाराज झाले. "अहो, सर्व्हिस केलेला आहे. दाबून बघा ना, किती मऊ चालतोय!" चालत होता खरा. पण चार वर्षांपूर्वी असाच मऊ चालणारा एक फोर्क मी न उघडता बसवला होता. महिनाभरात तो डुगडुगायला लागला आणि त्या गिऱ्हाईकाचे अकरा हजार वाया गेले. तेव्हापासून माझ्या हाताने जुना फोर्क उघडल्याशिवाय बसत नाही. थोडा विचार करून ते म्हणाले, "बरं, उघडा."

आधी हवा पूर्ण सोडली. नळ्या ज्यांत सरकतात त्या पायांखालचे बोल्ट तीन-तीन आटे सैल केले, प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकले, मग पूर्ण काढून खालचे पाय ओढले. त्यातलं तेल पांढऱ्या बशीत घेतलं. तेल कसलं, चमचाभर राखाडी पाणी, त्यात बारीक चंदेरी कण. ते कण बघून माझ्या पोटात कालवलं. नळ्या पुसल्या आणि त्या पाठीमागून फिरवून बघितल्या. बाहेरून दिसणारा भाग काळाभोर. सीलच्या आत लपलेल्या भागावर मात्र मागच्या बाजूला अंगठ्याएवढा रुंद पट्टा, काळा लेप झिजून आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलेलं. नख फिरवलं तर अडकत होतं.

काही कंपन्या दर ५० तासांच्या सायकलिंगनंतर खालचे पाय उघडून तेल बदलायला सांगतात. ते झालं नाही की माती आत बसते आणि पायाच्या आतला बुश, म्हणजे नळीला धरणारी कडी, नळीला कानसासारखा घासत राहतो.

त्या गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. "मोटरसायकलचे पाइप हार्ड क्रोम करून मिळतात, तसं नाही होणार?" त्यांनी विचारलं. मोटरसायकलचा पाइप पोलादी असतो, त्यावर क्रोम चढवून घासून माप आणता येतं. ही ॲल्युमिनियमची पातळ नळी, वर क्राउनमध्ये, म्हणजे दोन्ही नळ्या जोडणाऱ्या आडव्या भागात, दाबून पक्की केलेली. बदलायची तर क्राउन आणि स्टिअररसकट अख्खा वरचा भागच बदलावा लागतो, आणि त्या पैशात दुसरा जुना फोर्क येतो. मी कबूल केल्याप्रमाणे नवं तेल घालून फोर्क बंद करून दिला. त्यांनी मात्र जायच्या आधी नळ्यांचे फोटो काढून घेतले, "आता विकताना हे दाखवूनच विकेन," म्हणाले. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

मुलगा स्टुलावर मान खाली घालून बसला होता. त्याला तसंच पाठवणं माझ्याच्याने होईना. माळ्यावरच्या खोक्यात त्याच्याच मॉडेलचा एक मेलेला फोर्क होता, लहान फ्रेमच्या सायकलवरून काढलेला. दोन्ही फोर्कच्या डाव्या पायाची टोपी खोलून आतली स्प्रिंग काढली. दोन्ही स्प्रिंगा वजनकाट्यावर उभ्या धरून २० मि.मी. दाबून बघितल्या. त्याचीला १३ किलो लागले, खोक्यातलीला ९. ग्रीस लावून ती बसवली. बसल्यावर टाय १७ वर आला.

संध्याकाळी त्याने टेकडीवरून फोटो पाठवला. टाय ७८ वर होता. खाली लिहिलं होतं, "काका, मुंग्या नाहीत." हवेच्या फोर्कचा नाद त्याने सोडलेला नाही आणि मीही सोडलेला नाही. सरळ नळीचा, ९ मि.मी.च्या एक्सलचा, १०० चा फोर्क त्याच्यासाठी शोधतो आहे. आतापर्यंत दोन बघितले. एकाचा स्टिअरर १७० निघाला, दुसऱ्याचा मालक उघडू देईना.